'पण'ची भानगड

सुहास शिरवळकरांचा विषय निघाला की एक ठरलेलं वाक्य कानावर पडतंच. "रहस्यकथा वगैरे लिहायचे हो ते, पण 'दुनियादारी' मात्र झकास!" माझं भांडण आहे ते या 'पण'शी.

हा 'पण' म्हणजे काय, तर माफीनामा. एक चांगली कादंबरी लिहिली म्हणून बाकीचे गुन्हे माफ! अमर विश्वास, दारा बुलंद, फिरोझ इराणी, मंदार पटवर्धन हे सगळे जणू लेखकाच्या वाया गेलेल्या तरुणपणाचे पुरावे.

अहो, पण 'दुनियादारी'तले संवाद आले कुठून? कट्ट्यावरची ती तोडीस तोड बोलणी, प्रकरण नेमकं कुठे तोडायचं याची जाण, पात्र दोन ओळींत उभं करणं.. हे कसब आभाळातून पडत नाही. रहस्यकथेचा वाचक भलताच निर्दयी असतो. पहिल्या पानावर मुडदा टाकला की शेवटच्या पानापर्यंत त्याचा हिशेब चुकता करावाच लागतो. मध्ये निसर्गवर्णनाची चार पानं घुसडली तर गडी पुस्तक मिटून झोपतो. आमच्या धंद्यात बग शोधताना जशी प्रत्येक ओळ जबाबदार धरावी लागते, तसंच. या तालमीत घासलेला हात 'दुनियादारी'ला आणि 'समांतर'ला कामी आला. 'समांतर' तर रहस्यकथा की 'साहित्य' हे ठरवताना भल्याभल्यांची दांडी उडेल.

शिरवळकर १९४८ साली जन्मले आणि २००३ साली, पंचावन्नाव्या वर्षात गेले. 'दुनियादारी'वर सिनेमा आला २०१३ला, 'समांतर'वर वेबसिरीज २०२०ला. म्हणजे पडद्यावर दिसल्यावर मंडळींना लेखक आठवला. वाचकाला तो आधीपासूनच ठाऊक होता, आणि 'सुशि' या लाडक्या नावानं ठाऊक होता.

मी हिंगोलीकडचा. १ मे १९९९ला आमचा वेगळा जिल्हा झाला, त्याआधी आम्ही परभणीवाले. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात बक्षीसपात्र कादंबऱ्या कोऱ्या करकरीत उभ्या असायच्या. सुशि मात्र खाकी पुठ्ठ्यात, दोऱ्यानं शिवलेले, आणि हमखास शेवटची चार पानं गायब! खुनी कोण ते मग कुणा मित्राला विचारायचं. पुण्याचा कट्टा आम्ही पाहिला नव्हता, पण तिथली पोरं कशी बोलतात ते आम्हाला पाठ होतं. पुण्यामुंबईचं पुस्तक औंढा-कळमनुरीच्या पोराच्या हातात पोचवणं हे काय कमी काम आहे?

पुढे ती फाटकी पुस्तकं रद्दीत गेली. कोरी अजून तिथेच आहेत.

सगळंच लेखन उत्तम होतं असं मी म्हणत नाही. बरंचसं साच्यातलं आहे, काही तर सरळ घाईत उरकलेलं. पण हे वाचून सांगायचं असतं, आणि ते सांगणं समीक्षकाचं काम. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्याबद्दल बोलताना आपण तो आकडा सांगतो आणि थांबतो. झुंजार आणि काळापहाडनं दोन-तीन पिढ्यांना वाचायची सवय लावली ती कशाच्या जोरावर, हे कोण तपासणार?

तर माझं मागणं साधं आहे. वाचनालयांनी फाटकी प्रत रद्दीत घालण्याआधी तिची दुसरी प्रत कुठे शिल्लक आहे का ते बघावं. विद्यापीठांनी मराठीच्या वर्गात एक रहस्यकथा लावावी, आणि ती नीट फाडून खावी, हरकत नाही.

नावं ठेवायचीच असतील तर खुशाल ठेवा. फक्त आधी वाचा, शेवटच्या पानापर्यंत. सापडलं तर!