दुसऱ्यांदा जाताय? मग नव्या माणसाला घेऊन जा

दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या पालम तालुक्यात सहलीची चर्चा सुरू होते. सोयाबीन काढून झालेलं असतं, कापसाची पहिली वेचणी घरात येत असते, हातात थोडाफार पैसा असतो. मुलं हट्ट धरतात, "पुन्हा रामोजीला जाऊ", "पुन्हा इमॅजिकाला जाऊ." मागच्या सहलीचे फोटो पाहताना आईवडिलांनाही वाटतं, खरंच, किती मजा आली होती. मग जाणं होतं. आल्यावर बऱ्याच घरांतून एकच तक्रार ऐकू येते, "आता पहिल्यासारखं काही राहिलं नाही तिथं."

ही तक्रार खरी आहे का? करमणुकीची बाग खरंच बिघडली, की आपण बदललो? माझं मत सरळ आहे. थोडी बाग जुनी होते आणि बरेचसे आपण जुने होतो. हे आधी ओळखलं तर पैसा वाचेल, मन खट्टू होणार नाही आणि सहलही चांगली होईल. म्हणून ही विनंती.

आधी पैशाचं बघू. चौघांच्या कुटुंबाने रामोजीसाठी हैदराबादला किंवा इमॅजिकासाठी खोपोलीला जायचं म्हटलं, तर तिकिटं, प्रवास, मुक्काम आणि खाणंपिणं धरून वीस हजारांचा आकडा सहज गाठला जातो. २०२५-२६ च्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे पूर्ण हमीभाव पदरात पडला, तरी जवळजवळ चार क्विंटल सोयाबीन एका सहलीत जातं. मोंढ्यात पडेल भावाने विकलं असेल तर त्याहून जास्त. पहिल्या सहलीला एवढा खर्च करायला माझी हरकत नाही. मुलांनी मोठं जग बघावं, आईवडिलांनीही एक दिवस चिंता घरी ठेवून हसावं. पण तोच पैसा दुसऱ्यांदा त्याच जागी घालताना थांबून विचार करावा.

अशा बागांची सारी रचना चकित करण्यासाठी केलेली असते. रामोजी फिल्म सिटी १९९६ मध्ये सुरू झाली. तिथला विमानतळ आणि रेल्वे स्टेशन हे नुसते देखावे आहेत हे कळतं, तेव्हा पहिल्यांदा गेलेला माणूस तोंडात बोट घालतो. खोपोलीजवळची इमॅजिका २०१३ मध्ये उघडली. तिथल्या नायट्रो राईडवर पहिल्यांदा पाय मोकळे लोंबकळतात तेव्हा पोटात गोळा येतो. 'मिस्टर इंडिया'च्या राईडमध्ये पुढे काय होणार हे ठाऊक नसतं, म्हणून मूल ओरडतं. हा अचंबा तिकिटात एकदाच मिळतो. दुसऱ्या खेपेला वळण कुठे आहे, अंधार कधी होणार, पाणी कुठून उडणार, सगळं आधीच माहीत असतं. राईड तेवढीच वेगाने धावते, पण मन तिच्या आधी शेवटाला पोचलेलं असतं.

सगळ्याच गोष्टी सारख्या वेगाने शिळ्या होत नाहीत, हेही लक्षात घ्या. गोष्ट सांगणारे खेळ, अंधारातले सिनेमे, देखावे आणि नाचगाण्याचे कार्यक्रम सगळ्यात आधी शिळे होतात, कारण त्यांची सगळी ताकद पुढे काय होणार यात असते. जोरात खाली कोसळणाऱ्या राईड त्याहून जास्त टिकतात. मन तयार असलं तरी शरीर दचकतंच. सगळ्यात जास्त टिकतं ते पाणी. लाटांच्या तळ्यात चुलत-मावस भावंडं एकमेकांवर पाणी उडवतात, तिथे खेळ मुलांचा असतो आणि तो दर वेळी वेगळा होतो. म्हणून दुसऱ्यांदा जाणाऱ्यांनी देखाव्यांसाठी मोठं तिकीट काढण्यापेक्षा नुसत्या पाण्याच्या बागेत जावं. पैसा कमी लागतो आणि दिवस चांगला जातो.

दुसरं कारण आठवणीचं. संशोधक टेरेन्स मिचेल, ली थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत सुट्टीवर आणि सायकल सहलीवर गेलेल्या लोकांना सहलीआधी, सहलीत आणि सहलीनंतर विचारून पाहिलं. १९९७ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला. प्रत्यक्ष सहलीत लोकांना जेवढं बरं वाटत होतं, त्यापेक्षा सहल आधी जास्त गोड वाटली होती आणि नंतर आठवतानाही जास्त गोड वाटली. आपलंही तेच होतं. तापलेल्या फरशीवरची रांग, हरवलेली चप्पल, पाण्याच्या बाटलीला मोजलेले जास्तीचे पैसे, परतीच्या गाडीत रडणारं लेकरू, हे सगळं गळून जातं. उरतो हसरा फोटो. दुसरी सहल त्या फोटोशी टक्कर घ्यायला जाते आणि हरते. त्यात बागेचा दोष नसतो.

तिसरं कारण मुलांचं वय. राईडवर उंचीची अट असते. पाच वर्षांच्या मुलाला मोठ्या राईडवर बसू देत नाहीत, त्याला छोट्या गाड्या आणि फुगेवाला पुरतो. दोनच वर्षांनी गेलात तर मोठ्या राईडसाठी ते अजून लहान असतं आणि छोट्या राईडला कंटाळलेलं असतं. हा मधला काळ सगळ्यात वाईट. मोठ्या राईडच्या उंचीत बसल्यावर तीच बाग त्याच्यासाठी खरोखर नवी होते. तोवर थांबा.

आता बागेच्या बाजूचं खरंही सांगितलं पाहिजे. बागा जुन्या होतात. मुंबईजवळ गोराईला एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं, त्याच्या शेजारी १९९८ मध्ये वॉटर किंगडम आलं. टीव्हीवरच्या जाहिरातीमुळे आपल्याकडच्या खेड्यापाड्यांतल्या मुलांनाही ते नाव पाठ होतं. त्या एस्सेलवर्ल्डच्या राईड २०२२ मध्ये थांबल्या. लोकांना पुन्हा यावंसं वाटावं म्हणून काही वर्षांनी नवं काहीतरी उभारावं लागतं आणि त्याला कोट्यवधी रुपये लागतात. इमॅजिकावर सुरुवातीपासून कर्जाचा मोठा बोजा होता. २०२२ मध्ये ती संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेली. कोणत्याही बागेवर कर्ज असलं की नवी राईड लांबणीवर पडते. पहिल्यांदा येणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही, पुन्हा येणाऱ्याला लगेच कळतं.

सगळ्यात श्रीमंत बागांतही जुन्या गिऱ्हाइकाला टोचणाऱ्या गोष्टी घडतात. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड १९५५ चं, फ्लोरिडातलं डिस्ने वर्ल्ड १९७१ चं. रांग टाळण्यासाठी तिथे १९९९ पासून 'फास्टपास' फुकट मिळत असे. २०२१ पासून त्याच्या जागी पैसे भरून घ्यायची सोय आली. पहिल्यांदा जाणारा म्हणतो, पैसे भरले आणि रांग वाचली. जुना म्हणतो, हे तर पूर्वी फुकट होतं. बाग एकच, पण जुन्या माणसाकडे तुलनेला कालची बाग असते. आपल्या भागातली जी मुलं अमेरिकेत नोकरीला आहेत, त्यांना माझं एकच सांगणं. आई-अण्णा तिकडे आले की त्यांना ऑर्लँडोला नेताना "तिथं आता काही राहिलं नाही" असं त्यांच्यासमोर बोलू नका. तुमची तिसरी खेप असेल. त्यांची पहिली आहे, आणि कदाचित एकुलती एक.

मग पुन्हा पुन्हा जाऊनही काही जागा शिळ्या का होत नाहीत? शेजारच्या लोहा तालुक्यातली माळेगावची यात्रा बघा. तिथल्या खंडोबाला पालमचे लोक पिढ्यान् पिढ्या जातात. आकाशपाळणा तोच, रेवड्या त्याच, धूळही तीच. तरी "माळेगावात आता मजा नाही" म्हणून घरी बसलेला माणूस क्वचित सापडेल. कारण तिथे आपण नुसते बघे नसतो. कुणाला बैल विकायचा असतो, कुणाला घोडा बघायचा असतो, कुणाचा नवस असतो, कुणाला लेकीच्या सासरचे भेटणार असतात. दर वर्षी जनावरं वेगळी, भाव वेगळा, भेटणारी माणसं वेगळी. जिथे आपल्याला काही काम असतं आणि भेटायला माणसं असतात, ती जागा जुनी होत नाही. जिथे फक्त बघायचं असतं, ती एका फेरीत संपते. दुसऱ्यांदा बागेत जायचं असेल तर एवढं ध्यानात ठेवा की तिथे आपली माणसं आणि आपलं काम सोबत न्यावं लागतं.

ते कसं, ते सांगतो.

पहिली गोष्ट, नव्या माणसाला न्या. ज्या आजीने कधी गावाबाहेरची बाग पाहिली नाही ती, मामाची लेक, शेजारच्या घरातलं एखादं मूल, शेतावर राबणाऱ्या गड्याचा मुलगा. घरच्या मुलांना सांगा, "तू पाहिलेलं आहेस, आता तू याला दाखवायचं." दहा वर्षांचं पोर वाटाड्या झालं की त्याचा कंटाळा पळतो. त्याला काम मिळालेलं असतं. आणि एक नियम घाला, पुढे काय होणार ते नव्या माणसाला आधी सांगायचं नाही. त्याचा अचंबा त्याचा त्यालाच मिळू द्या. तो चकित झाला की तुम्हालाही तुमचा पहिला दिवस पुन्हा भेटेल.

दुसरी गोष्ट, दिवस बघून जा. हैदराबादला जाणाऱ्यांसाठी हे फार कामाचं आहे. तेलंगणातल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला, बतुकम्माच्या दिवसांत असते. दिवाळीला तिथे सुट्टी अगदी थोडी. आपल्याकडे उलट, दिवाळीची सुट्टी लांब. म्हणून दिवाळीचे मुख्य दिवस सोडून सोमवार ते गुरुवारच्या मधे नांदेडहून हैदराबाद गाठलं, तर तिथली शाळकरी गर्दी नसते. खोपोली-लोणावळ्याला मात्र त्याच दिवसांत पुण्या-मुंबईची सारी मुलं मोकळी असतात. तिकडे दिवाळीत जाणं टाळा. शनिवार-रविवार आणि नाताळचा आठवडा तर कुठेच नको. मजा कमी झाली असं वाटण्यामागे कितीतरी वेळा नुसती रांग असते.

तिसरी गोष्ट, जाण्याआधी फोन करून विचारा, "त्या दिवशी कोणकोणत्या राईड दुरुस्तीसाठी बंद आहेत? मागच्या दोन-तीन वर्षांत नवं काय आलंय?" उत्तर नीट मिळालं नाही किंवा नवं काहीच नसेल, तर बेत पुढे ढकला.

चौथी गोष्ट, वर्षभराच्या पासाला भुलू नका. ज्याचं घर बागेपासून तासाभरावर आहे त्याला तो परवडतो. पालमहून खोपोली म्हणजे रात्रभराचा प्रवास. पास घेतला की तो वसूल करायला जावं लागतं, आणि वसुलीसाठी केलेल्या सहलीत सुख नसतं.

पाचवी गोष्ट शाळांसाठी, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सहलीचं ठिकाण शिक्षक ठरवतात. शिक्षकांनी रामोजी पाहून पाहून पाठ केलेलं असतं, म्हणून बैठकीत कुणीतरी म्हणतं, "तेच ते, आता तिथं काही नाही." सर, बाई, सहावीच्या वर्गातली मुलं दर वर्षी नवी असतात. तुमच्या कंटाळ्यावरून त्यांची सहल ठरवू नका. शैक्षणिक सहलींना एसटी भाड्यात ५० टक्के सवलत देते, तिचा फायदा घ्या. ज्यांच्या घरून पैसे भरणं होणार नाही, अशा मुलांचा खर्च गावातल्या चार जाणत्यांनी उचलावा. ज्या घरची मुलं दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा बागेला निघाली आहेत, त्या घराने या वर्षी ती सहल सोडून एका मुलाची पहिली सहल भरली, तर त्याच पैशातून कितीतरी जास्त आनंद निघेल.

आणि ज्यांना घरच्यांसोबत फक्त एक मोकळा दिवस हवा आहे, त्यांनी इतकं लांब जायची गरज नाही. आपल्याच तालुक्यात गोदावरीच्या पात्रात जांभूळबेट आहे. पात्रात पाणी जास्त असेल तेव्हा तिकडे जाऊ नका, आणि जाल तेव्हा वाट माहीत असलेला गावातला माणूस सोबत घ्या. गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव आहे, औंढ्याला नागनाथाचं देऊळ आहे. डबा घरचा, गाडीभाडं थोडं, आणि संध्याकाळी परत.

ज्यांनी अजून एकदाही अशी बाग पाहिलेली नाही, त्यांनी माझं बोलणं ऐकून बेत मोडू नये. उलट लवकर जा. एस्सेलवर्ल्डला "कधीतरी नेऊ" म्हणणाऱ्या कितीतरी आईवडिलांचं ते कधीतरी आलंच नाही. मुलांची उंची थांबत नाही आणि बागाही कायम उघड्या राहत नाहीत.

बाकीच्यांनी पैसे भरण्याआधी घरच्या सगळ्यांना बसवून एक प्रश्न विचारावा, "आपल्या ओळखीत हे कुणी पाहिलेलं नाही?" नाव निघालं तर त्या माणसाचं तिकीट आधी काढा आणि खुशाल जा. नाव निघालं नाही, तर तो पैसा तुम्ही न पाहिलेल्या जागेसाठी राखून ठेवा.