कुणाच्याच यादीत नसलेली पोर



गेल्या खेपेला तुडतुड्यांविषयी लिहिले, आणि पुढच्या वेळी मोहोरावरच्या भुरीविषयी लिहीन असे कबूल केले होते. ते आज बाजूला ठेवतो. गोष्ट आंब्याच्या बागेतलीच आहे, पण रोगाकिडीची नाही. बरीच वर्षे ती माझ्या मनात आहे आणि सांगायला लाज वाटते म्हणून राहून गेली.

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे समुद्रकाठाने जाणारा रस्ता तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. आरे-वारेचे दोन किनारे आणि काठचे सुरूचे बन पाहायला पर्यटक तिथे गाड्या थांबवतात. त्यांची पाठ डोंगराकडे असते. त्या डोंगरावर, वरच्या सड्यापर्यंत, हापूसच्या बागा आहेत. दिवाळीच्या आगेमागे तिथे नेपाळची माणसे राखणीला येतात. बागेतल्या मांगरात बिऱ्हाड थाटतात, फवारणी करतात, माकडे हाकतात, आंबे उतरवतात आणि पावसाच्या तोंडावर निघून जातात. त्यांच्यावाचून आज आमच्याकडचा आंबा पेटीत जाणार नाही, ही वस्तुस्थिती आहे.

दहा-बारा वर्षांपूर्वी त्या बाजूच्या एका बागेत मी गेलो होतो. दुसरी फवारणी चालू होती. राखणदार झाडावर फवारत होता आणि खाली पंपाची नळी ओढायला आठ-नऊ वर्षांची एक पोर होती. तोंडाला फडके नाही, पायात काही नाही, अंगावर औषधाचे तुषार. झग्याखाली पोटऱ्यांवर वळ होते. काही ताजे, काही काळे पडलेले. मी राखणदाराच्या बायकोला विचारले, "हे काय?" ती म्हणाली, "पडली." पडून असे वळ उठत नाहीत, हे कळायला बी.एस्सी. व्हावे लागत नाही. पोर त्यांची नव्हती, नात्यातली होती. आई मागे गावी वारली म्हणून यांच्याबरोबर आलेली.

मी काय केले? बागाईतदाराला औषधाचे प्रमाण चुकते आहे असे सांगितले. फवारणी करणाऱ्याने तोंडाला फडके बांधावे असे सांगितले. पाहणीच्या वहीत झाडांची संख्या लिहिली आणि मोटारसायकलला लाथ मारून दुसऱ्या बागेत गेलो. पोरीविषयी अक्षर बोललो नाही.

रात्री जेवताना तो विषय घरात निघाला. सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "बैल असता तर बोलला असतात."

खरे होते ते. बैलाच्या खांद्याला जोखडाने जखम झालेली दिसली तर आपण रस्त्यावरून ओरडतो, "अरे, सोड त्याला चार दिवस, हळद-तेल लाव!" कुणाला त्यात उपदव्याप वाटत नाही. पोराच्या अंगावर वळ दिसले की मात्र आपण म्हणतो, तो त्यांच्या घरातला मामला. ही खोड आपलीच नव्हे. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी १८७४ साली मेरी एलन नावाच्या पोरीला तिला सांभाळणारी बाई रोज बडवीत असे. तिला सोडवायला निघालेल्या एका कनवाळू बाईने दारोदार हेलपाटे घातले. अखेर तिला साथ दिली ती हेन्री बर्ग या गृहस्थांनी, आणि हे गृहस्थ होते जनावरांवरची क्रूरता थांबवणाऱ्या संस्थेचे संस्थापक! आपल्याकडेही हिंदुस्थानात मुक्या जनावरांसाठीचा कायदा १८९० साली झाला, आणि मुंबई इलाख्यात मुलांचा स्वतंत्र कायदा यायला १९२४ साल उजाडले. गुरांना आधी, पोरांना मागाहून.

पंधरा दिवसांनी मुद्दाम त्या बागेकडे पुन्हा गेलो. मांगर रिकामा. मालकाशी पैशावरून बिनसले आणि बिऱ्हाड रातोरात उठून गेले, असे कळले. कुठे, ते कुणाला ठाऊक नव्हते. मग मी खाली वाडीत चौकशी केली. ती आधी करायची होती. दुकानदाराला पोर माहीत होती. मीठ-चहापूड न्यायला येत असे, "हात भाजलेला होता एकदा," असे तो म्हणाला. अंगणवाडीच्या ताईंना माहीत होती, पण वय सहाच्या वर, त्यामुळे त्यांच्या यादीत नाही. गुरुजींना माहीत होती, पण शाळेत दाखल नाही, आणि शाळाबाह्य मुलांची पाहणी झाली त्या दिवशी ही माणसे सड्यावर होती. आरोग्याच्या बाई ताप विचारायला मांगरात जाऊन आल्या होत्या. बागाईतदाराच्या घरच्यांनी तर तिला जुने कपडे दिले होते. म्हणजे पाहा, सहा जणांनी पाहिली होती, सातवा मी. प्रत्येकाजवळ एकेक तुकडा होता. पण ती कुणाच्याच यादीत नव्हती, म्हणून ते तुकडे एका जागी आले नाहीत. त्या पोरीचे पुढे काय झाले, मला आजतागायत कळलेले नाही.

असे तुकडे विखुरलेले राहिले तर कुठपर्यंत जाते, ते आमच्या शेजारच्या कोल्हापुराने पाहिले आहे. आंबा घाट चढून अंबाबाईच्या दर्शनाला आपल्यापैकी कोण जात नाही? त्याच देवळात एक बाई पाकीट मारताना पकडली गेली. तिचे नाव सीमा गावित. तिची आई अंजनाबाई आणि बहीण रेणुका शिंदे बरोबर होत्या. कडेवर लहान मूल असले की बाईचा संशय येत नाही, म्हणून या मायलेकी मुले पळवून चोरीला वापरीत. त्या दिवशी कडेवरचे मूल रस्त्यावर राहणाऱ्या एका गरीब बाईचे होते. लोकांचे लक्ष उडवण्यासाठी अंजनाबाईने ते जमिनीवर आपटले. मूल रक्तबंबाळ झाले, लोक कळवळले आणि बायांना सोडून दिले. थोड्याच वेळात त्यांनी ते रडणारे मूल मारून टाकले.

इथे मी दरवेळी थबकतो. त्या गर्दीतले लोक दुष्ट नव्हते. उलट त्यांना दया आली होती, पण ती कडेवर घेणाऱ्या बाईची आली. बाई, हे पोर कुणाचे, याचे नाव काय, दवाखान्यात चल, मी येतो बरोबर, एवढे बोलून कुणी सोबत निघाला असता तर?

हा प्रकार १९९६ पर्यंत चालला. देवळे, जत्रा, एस.टी. स्टँड, आज या जिल्ह्यात तर उद्या त्या. १३ मुले पळवल्याचा आरोप त्यांच्यावर आला. हरवलेल्या मुलाची नोंद एका ठाण्यात, बेवारस देहाची दुसऱ्या जिल्ह्यात, आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचणारे कुणी नाही. अखेर एका आईने आपली मुलगी नेल्याची तक्रार दिली, तिचा माग काढता काढता १९९६ च्या अखेरीस सारे बाहेर आले. अंजनाबाई निकालाआधीच कोठडीत मेली. दोघी बहिणींची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली कायम केली. त्यानंतर दयेच्या अर्जाची फाईल सरकारदरबारी इतकी रेंगाळली की, जवळजवळ ८ वर्षांच्या त्या दिरंगाईमुळे मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२२ रोजी फाशी रद्द करून जन्मठेप दिली. फाशी हवी की नको, हा वाद मी इथे घालीत नाही. मुलांच्या खुनाची फाईलसुद्धा धूळ खात पडू शकते, एवढेच दाखवतो.

तुम्ही म्हणाल, त्या तर गुन्हेगार बाया होत्या, आपल्या घरांचा काय संबंध? तर आता घरातलेच उदाहरण घ्या. आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट देशातल्या एका कुटुंबाने आपली मुलगी व्हिक्टोरिया क्लिंबिए हिला वडिलांच्या आत्याबरोबर परदेशी पाठवले. का? तर शिकेल, चार माणसांत राहील म्हणून. लंडनला त्या आत्याने आणि तिच्या सोबत्याने पोरीचे इतके हाल केले की २५ फेब्रुवारी २००० रोजी ती मेली, तेव्हा तिच्या अंगावर १२८ खुणा मोजल्या गेल्या. वय ८. आणि हे काही आडरान नव्हते. दोन इस्पितळांनी तिला तपासले होते. पोलिसांना माहीत होती, समाजकल्याणाच्या एक नव्हे चार कचेऱ्यांच्या कागदावर होती. लॉर्ड लेमिंग यांनी चौकशी करून २००३ साली अहवाल दिला. त्यात निदान १२ वेळा तिला वाचवता आले असते असे निघाले. पुढे इंग्लंडने कायदा बदलला.

"शिकेल, चार माणसांत राहील." हे वाक्य ओळखीचे वाटते ना? कोकणात तर मुंबईच्या नातलगाकडे पोर ठेवणे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. त्यातून कित्येकांची आयुष्ये मार्गी लागली, ते नाकारण्यात अर्थ नाही. माझे स्वतःचे शिक्षण काकांकडे राहून झाले आणि काकूंनी मला कधी परके मानले नाही. पण ठेवले आणि विसरलो, असे करू नका. पोराशी फोनवर बोलताना घरातली माणसे जवळ नसतील अशी वेळ काढा. कधीतरी न कळवता जाऊन या. शाळेचे नाव विचारा आणि शाळेत जाऊन पट पाहा. गौरी-गणपतीला पोर आली आणि परत जायच्या दिवशी पोटात दुखते म्हणाली, तर ओव्याचे पाणी देऊन एस.टी.त बसवू नका. आधी आजीच्या कुशीत दोन दिवस निजू द्या, ती काय सांगते ते ऐका.

आता व्यवस्थेचे. व्यवस्था नाही असे नाही. महाराष्ट्र शासनाने २०१४ साली प्रत्येक गावात ग्राम बाल संरक्षण समिती नेमायचे ठरवले. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सचिव, पोलीस पाटील, मुख्याध्यापक वगैरे सदस्य. ज्यांच्याजवळ एकेक तुकडा असतो, नेमकी तीच माणसे. कल्पना उत्तम. पण एका गावात मी एका सदस्याला समितीविषयी विचारले, तर ते सद्गृहस्थ म्हणाले, "साहेब, मी आहे होय त्यात?" आमच्या खात्याच्या समित्याही अशाच असतात म्हणा. फरक एवढाच की आमची समिती झोपली तर बियाणे उशिरा येते.

म्हणून येत्या ग्रामसभेत उठून विचारा. समितीवर कोण कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, आणि बाहेरून आलेल्या मुलांची यादी आहे का. आमच्याकडे आंब्याचे राखणदार आणि बोटीवरचे खलाशी. तुमच्याकडे ऊसतोडीची टोळी असेल, वीटभट्टी असेल, दगडखाण असेल. नातलगाकडे ठेवलेले मूलही त्या यादीत हवे. शाळेचा दाखला नाही, जन्माचा कागद नाही, म्हणून शाळेला मूल परत पाठवता येत नाही. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा तसे सांगतो.

आणि एकदम काही दिसलेच, तर १०९८ हा क्रमांक फिरवा. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली ही सेवा आज सरकार चालवते. फोनला पैसे पडत नाहीत, दिवसरात्र लागतो. सांभाळणाऱ्यानेच मुलाला मारहाण केली वा उपाशी ठेवले, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याने ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने माहिती असून न कळवणे हाच गुन्हा आहे. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर मात्र त्या कायद्याखाली काही बालंट येत नाही. मूल कुठे ठेवायचे, आईबापांकडे की आणखी कुठे, हे जिल्ह्याची बाल कल्याण समिती ठरवते. म्हणजे तुम्ही कुणाचा संसार मोडीत नसता. तुम्ही फक्त तुकडा जोडायला देता. "उगाच शेजाऱ्याशी वैर," असे घरातले म्हणतील. माझ्याही म्हणाल्या असत्या, असे मी तेव्हा स्वतःला समजावले होते. वर सांगितलेच आहे, त्या काय म्हणाल्या ते.

यंदा दिवाळीनंतर आम्ही तिघे, म्हणजे अंगणवाडीच्या ताई, पोलीस पाटील आणि मी, आरे-वारेच्या वरच्या बागा पायी फिरलो. वाट खड्या चढाची, माझे गुडघे आता कुरकुरतात. मांगरामांगरांतून ११ मुले निघाली. त्यांतली ९ आईबापांबरोबर आहेत, ५ शाळेत जाऊ लागली आहेत. उरलेली दोन मामाबरोबर आलेली. त्या दोघांकडे ताई दर पंधरवड्याला जातात. पोरांशी बोलतात, हातपाय पाहतात, वहीत तारीख टाकतात. मी फवारणीच्या पाहणीला जातो तेव्हा माझ्या वहीतही आता झाडांच्या संख्येखाली एक ओळ असते.

भुरीविषयी पुढच्या अंकात. तोवर ढगाळ हवा पडली तर मोहोरावर लक्ष ठेवा.