आम्हाला तुमच्यासोबत कोपऱ्यापर्यंत चालायचं आहे

तुमच्या घरात, चाळीत किंवा सोसायटीत कुणाच्या अंगावरून वारं गेलं असेल आणि ती व्यक्ती आता काठी टेकत घरातल्या घरात चालू लागली असेल, तर हे आवाहन त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठी आहे. कृपया त्यांना वाचून दाखवा.

मी पुण्यात फिजिओथेरपी शिकवते. पक्षाघाताच्या रुग्णांना उभं करणं, पाऊल टाकायला शिकवणं हे माझं रोजचं काम. काही वर्षांपूर्वी एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका आमच्याकडे होते. वॉर्डबाहेरच्या पॅसेजमध्ये ते काठीच्या आधाराने एकटे चालायला लागले आणि मी त्यांच्या कागदावर लिहिलं, ‘स्वतंत्रपणे चालतात.’ आठ महिन्यांनी ते तपासणीला आले तेव्हा कळलं, की डॉक्टरांकडे जाण्यापलीकडे ते एकदाही घराबाहेर पडले नव्हते. धावत्या एसटीत, गर्दीत तोल सांभाळून ज्यांनी जन्मभर तिकिटं फाडली, ते काका! अडचण कुठे येते, असं विचारलं तर म्हणाले, “मॅडम, तुमच्या पॅसेजात समोरून दुचाकी येत नाही.”

तेव्हापासून मी तो शेरा सहजासहजी लिहीत नाही.

आम्ही पेशंटला गुळगुळीत फरशीवर, भिंतीच्या कडेने, शांततेत चालवतो. रस्त्यावर पेव्हर ब्लॉक उचकटलेला असतो, गटाराचं झाकण वर आलेलं असतं, फुटपाथवर गाड्या लावलेल्या असतात. पक्षाघातानंतर पुष्कळांचा पंजा नीट उचलला जात नाही. बोटं जमिनीला घासतात. बोटभर उंचवट्यालाही ठेच लागते. काहींना एका बाजूचं दिसत नाही किंवा त्या बाजूचं भानच राहत नाही, आणि नेमकी तिकडूनच रिक्षा येते. पुष्कळांना चालताना कुणी साधा प्रश्न विचारला तरी थांबावं लागतं, कारण चालण्यातच सगळं लक्ष गुंतलेलं असतं.

वेगाचा हिशेबही पाहा. निरोगी माणूस रस्ता ओलांडताना सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो, म्हणजे १२ मीटरचा रस्ता १० सेकंदांत पार करतो. पक्षाघातानंतर सेकंदाला ०.४ मीटरच्या आत वेग असलेली व्यक्ती बहुधा घरापुरतीच चालते, असं आमच्या शास्त्रात धरलं जातं. तिला तोच रस्ता ओलांडायला ३० सेकंद किंवा त्याहून जास्त लागतात. सिग्नल तेवढा वेळ थांबत नाही. मग माणूसच घरात थांबतो.

यावर इलाज नाही असं मुळीच नाही. २०११ मध्ये अमेरिकेत ४०८ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात दिसलं, की शरीराचं वजन तोलून धरणाऱ्या ट्रेडमिलवर चाललेले आणि थेरपिस्टच्या देखरेखीखाली घरीच व्यायाम केलेले, दोघेही वर्षभरात जवळजवळ सारखेच सुधारले. महागडं यंत्र नाही म्हणून कुणी हातपाय गाळायला नकोत. २००४ मध्ये ब्रिटनमधल्या नॉटिंगहॅम भागात १६८ जणांचा अभ्यास झाला. ज्यांना थेरपिस्टनी घरी येऊन बाहेर पडण्यासाठी खास मदत केली, ते इतरांपेक्षा कितीतरी जास्त वेळा बाहेर पडू लागले. पुढे ५६८ जणांच्या मोठ्या अभ्यासातही बाहेरच्या फेऱ्या वाढल्या; जगण्याच्या एकूण दर्जात मात्र मोजण्याजोगा फरक दिसला नाही. तिकडच्या फुटपाथवरचे हे निष्कर्ष आपल्या पेठेतल्या गल्लीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. आपला माणूस कुठे अडतो, हे आपल्याच रस्त्यावर त्याच्यासोबत चालून शोधावं लागेल.

ते काम आमचे इंटर्न विद्यार्थी करणार आहेत, आणि त्यासाठी तुमची गरज आहे.

एक विद्यार्थी आणि एक अनुभवी फिजिओथेरपिस्ट तुमच्या घरी चार वेळा येतील. आधी रक्तदाब पाहतील, १० मीटर चालायला किती वेळ लागतो ते मोजतील. मग तुम्हाला जिथे जायचं असेल तिथे तुमच्यासोबत चालतील. देऊळ, वाण्याचं दुकान, कटिंगचं सलून, कोपऱ्यावरचं अमृततुल्य, काहीही चालेल. कमरेला आधाराचा पट्टा असेल. तुम्ही कुठे थांबलात, कशाची भीती वाटली, हे टिपलं जाईल; पायरी किती उंच होती, हे टेप लावून मोजलं जाईल. दमलात तर तिथूनच परत.

यासाठी एक पैसाही द्यावा लागणार नाही. नैतिकता समितीच्या मंजुरीनेच काम होईल, संमतीपत्र मराठीत असेल, तुमचं नाव कुठेही छापलं जाणार नाही. मधेच नको वाटलं तर कारण न देता थांबता येईल. उपचारांत खंड पडणार नाही. मात्र छातीत दुखत असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या.

घाई का करतो आहोत, तेही सांगते. झटक्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते. खुर्चीत गेलेला प्रत्येक आठवडा पायातलं बळ कमी करतो आणि मनातली भीती वाढवतो. पावसाळा सरला आहे, रस्ते कोरडे आहेत, ऊन अजून सोसवतं. ही मुलं थोड्याच महिन्यांत इंटर्नशिप संपवून बाहेर पडतील. म्हणून २९ ऑक्टोबर, जागतिक पक्षाघात दिन, याच्या आत नावं नोंदवा. पुण्याबाहेर असाल तर जवळच्या फिजिओथेरपी महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जा आणि ‘आम्हाला रस्त्यावर चालायचा सराव हवा’ असं स्पष्ट मागा. मागणी आली तर तिथेही असं काम उभं राहील.

घरच्यांनो, आधार देताना लुळा हात धरून ओढू नका. खांदा निखळू शकतो. त्याच बाजूला, अर्धं पाऊल मागे राहून चाला. पडतील या काळजीपोटी तुम्ही त्यांना बसवून ठेवता, हे मला कळतं. पण पडण्याची भीती चालूनच कमी होते, सोबत असताना.

शेजाऱ्यांनो, दुकानदारांनो, फुटपाथवरची दुचाकी बाजूला घ्या, दारात एक खुर्ची ठेवा. दीडशे पावलांच्या वाटेत बसायला एक जागा मिळाली, तर ती वाट पार होते.

आणि महापालिकेला विनंती. पुण्याने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारलं, २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता पादचाऱ्यांसाठी मोकळा होतो. फुटपाथची कड १५० मिलिमीटरपेक्षा उंच नसावी, असं इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आमच्या मुलांनी टिपलेली मापं आम्ही तुमच्याकडे आणून देऊ. त्यांच्या आधारे निदान रुग्णालयांभोवतालचे रस्ते आधी दुरुस्त करा.

आमच्या अर्जावर नाव-पत्त्याच्याही आधी एक प्रश्न आहे: तुम्हाला कुठे जायचं आहे? त्या कंडक्टर काकांना हा प्रश्न मी आठ महिने उशिरा विचारला. तुम्ही तुमच्या माणसाला तो आज संध्याकाळीच विचारा, आणि उत्तर घेऊन आमच्याकडे या.

आपली नम्र,
फिजिओथेरपीची एक शिक्षिका, पुणे