संगणकाचा ड्रायव्हर बदलण्यापूर्वी

ज्या घरात दहा माणसे एकाच संगणकावर कामे करतात, त्या घरातला संगणक बंद पडला म्हणजे काय होते, हे ज्याने अनुभविले त्यासच ठाऊक. वहिनींचा भिशीचा हिशेब, मुलांचा अभ्यास, वडील मंडळींच्या औषधांचे व तपासण्यांचे कागद, मुंजीलग्नांची छायाचित्रे, सारेच एका पेटीत कोंडले जाते. गेल्या पावसाळ्यात हा प्रसंग आमच्याच घरी ओढवला. विषय थोडा रुक्ष आहे हे आम्ही जाणतो. तथापि ज्या घरात एखादा उत्साही मुलगा आहे आणि एक जुनासा संगणक आहे, त्या घराला तो परका वाटणार नाही.

आमच्या यंत्राचे वाय-फाय काही दिवसांपासून वरचेवर तुटत असे. एके दिवशी तर पडदा एकाएकी निळा झाला आणि यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा चालू झाले. त्या निळ्या पडद्यावर एका फाइलीचे नाव होते : 'एनडीआयएस.सिस'. आमचा पुतण्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षास आहे. त्याने ते नाव शोधले. अशा सुट्या फाइली फुकट देणारे एक संकेतस्थळ त्याला सापडले. तेथून ती फाइल उतरवून घेऊन तो ती विंडोजच्या 'सिस्टिम३२' या फोल्डरातील 'ड्रायव्हर्स' या फोल्डरात जुनीच्या जागी ठेवू लागला. विंडोजने नकार दिला. 'ट्रस्टेड इन्स्टॉलर'ची परवानगी पाहिजे, असे उत्तर आले. तेव्हा एका चित्रफितीत पाहून त्याने दोन आज्ञा दिल्या, फाइलीची मालकी आपल्याकडे घेतली, बदलण्याचा अधिकारही घेतला आणि जुनीवर नवी फाइल घातली. जुनीची प्रत ठेवली नाही. “काका, आता बघा,” असे म्हणून त्याने यंत्र बंद करून चालू केले. ते चालू झालेच नाही. दोनतीनदा धडपडून शेवटी दुरुस्तीचा पडदा आला, आणि त्याने आमच्याकडे ४८ अंकांची एक किल्ली मागितली. अशी काही किल्ली असते हे घरात कोणासच माहीत नव्हते.

त्या यंत्रात ती. अण्णांनी अकरा वर्षे खपून जमविलेली आमच्या घराण्याची वंशावळ होती. त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून उतरून घेतलेली नावे, माहेरवाशिणींना पत्रे पाठवून मिळविलेली माहिती, सारे त्यात होते. दुसरी प्रत नव्हती. अण्णा काही बोलले नाहीत. उठून ओटीवर जाऊन बसले.

आता हा ड्रायव्हर म्हणजे काय ते पाहू. नाव सारथ्याचे असले तरी त्याचे काम दुभाष्याचे आहे. ध्वनीचे कार्ड, वाय-फायचे कार्ड, चित्राचे कार्ड ही प्रत्येक आपापली भाषा बोलतात. विंडोजला ती येत नाही. म्हणून कार्ड करणारा कारखानदार त्याच्यासोबत एक छोटा प्रोग्राम देतो, तो दोघांमध्ये बोलणे घडवून आणतो. परंतु पुष्कळ ड्रायव्हरांना हे काम ओटीवर बसून करता येत नाही. त्यांना अगदी माजघरात, प्रणालीच्या गाभ्यात जागा द्यावी लागते. साधा प्रोग्राम चुकला तर तो एकटा बंद पडतो. गाभ्यातील ड्रायव्हर चुकला तर सबंध यंत्र थांबते, कारण तेथे एकाने दुसऱ्याच्या स्मृतीत हात घालू नये अशी भिंतच नसते. निळा पडदा म्हणजे पुढची नासाडी टाळण्यासाठी विंडोजने स्वतः होऊन काम थांबविणे होय.

इतक्या नाजूक जागी पूर्वी कोणीही येत-जात असे. विंडोज ९५ आणि ९८ यांच्या काळी कोणताही प्रोग्राम प्रणालीच्या फोल्डरात शिरून वाटेल ती फाइल बदली, आणि मग दुसरा प्रोग्राम रुसून बसे. विंडोज २००० मध्ये पहारा बसला. तेथे एखादी रक्षित फाइल कोणी बदलली, की पहारेकरी आपल्याजवळची मूळ प्रत आणून निमूटपणे पुन्हा जागेवर ठेवी. २००७ च्या आरंभी सर्वांच्या हाती आलेल्या व्हिस्टापासून रीत पालटली : चोरामागे धावण्याऐवजी दारालाच कुलूप घातले. प्रणालीच्या स्वतःच्या फाइलींची मालकी ट्रस्टेड इन्स्टॉलर या आतल्या सेवेकडे दिली. ज्यास आपण अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणतो तो यंत्राचा घरधनीसुद्धा त्या वाचू शकतो, बदलू मात्र शकत नाही.

सोवळ्याच्या स्वयंपाकघराची रीत आमच्या वडील वाचकांस आठवत असेल. घर आजोबांचे, पण कचेरीतून आल्या कपड्यांनिशी त्यांनासुद्धा चुलीपाशी जाता येत नसे. हवे ते उंबऱ्याबाहेरून मागावे, आत सोवळ्यात असलेली बाई ते देई. ते सोवळे बहुतेक घरांतून गेले, आणि गेले ते बरेच झाले. विंडोजच्या या फोल्डराची रीत मात्र अद्याप तीच आहे. आपण बाहेरून मागावे, आतल्याने बदलून द्यावे. पुतण्याने उंबरा ओलांडला, एवढेच नव्हे तर चुलीवरचे भांडे उचलून दुसरे ठेवले.

त्याची पहिली चूक मात्र त्याच्याही आधीची होती. निळ्या पडद्यावर ज्या फाइलीचे नाव येते तीच दोषी असते असे मुळीच नाही. 'एनडीआयएस.सिस' ही विंडोजचीच फाइल; सर्व प्रकारच्या नेटवर्क-कार्डांचे ड्रायव्हर तिच्यामार्फत बोलतात. वाय-फायचा ड्रायव्हर चुकला तर घात तिच्या अंगणात होतो व नाव तिचे लागते. उंबऱ्याला ठेच लागली म्हणून उंबरा उखडून काढावा, त्यातला हा प्रकार. दुसरी चूक सुटी फाइल आणण्याची. विंडोजच्या प्रत्येक आवृत्तीतील ही फाइल त्याच आवृत्तीच्या गाभ्याशी जुळवून केलेली असते; दुसऱ्या आवृत्तीची आणून बसविली तर नाव तेच असूनही ती बसत नाही.

कारखानदाराकडून येणारा ड्रायव्हरदेखील एकटा कधी येत नाही. त्याच्या गठ्ठ्यात कोणती वस्तू कोठे ठेवावयाची हे सांगणारी 'आयएनएफ' फाइल असते, प्रत्यक्ष ड्रायव्हर असतो आणि 'कॅट' नावाची एक यादी असते. यादीत गठ्ठ्यातील फाइलींचे जणू अंगठ्यांचे ठसे असतात व यादीवर मुद्रा असते. गठ्ठ्यातली एक फाइल हाताने बदलली की ठसा जुळत नाही. आणि व्हिस्टापासूनच्या ६४-बिटी विंडोजमध्ये मुद्रेवाचून आलेल्या ड्रायव्हरास गाभ्यात प्रवेश नाही. मुद्रेवरही आंधळा विश्वास नको, हे जाता जाता सांगितले पाहिजे. २०१० साली उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रामाचे ड्रायव्हर दोन नामांकित कंपन्यांच्या चोरलेल्या मुद्रांनी मुद्रांकित होते. मुद्रा कोणाची आहे ते कळते. हात कोणाचा होता ते कळत नाही.

आमच्या यंत्राचे पुढे काय झाले ते सांगतो. ४८ अंकांची किल्ली मागितली जात होती ती डिस्कवरील मजकूर कूटलिपीत ठेवलेला असल्यामुळे. हल्लीच्या पुष्कळ यंत्रांत ही व्यवस्था आपोआप चालू होते, आणि जो अ‍ॅडमिनिस्ट्रेटर प्रथम आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याने यंत्रात प्रवेश करतो त्याच्या खात्यात किल्ली जमा होते. एकत्र कुटुंबात अडचण येते ती नेमकी येथेच. यंत्र दहाजणांचे, किल्ली एकाची. आमचे यंत्र थोरल्या पुतण्याने मांडून दिले होते व तो दोन वर्षांपासून जर्मनीत आहे. रात्री आठला त्याला फोन केला; तेथे साडेचार वाजले होते, तो कचेरीत होता. त्याने आपले खाते उघडून अंक वाचून दाखविले, वहिनींनी ते कागदावर घेतले, आठ ठिकाणी सहा-सहा. कुलूप उघडले. मग दुरुस्तीच्या पडद्यावरून काळी खिडकी उघडून 'एसएफसी' या विंडोजच्याच उपकरणास रक्षित फाइली तपासावयास सांगितले. येथे एक खोच आहे : नेहमीची 'सी' डिस्क या ठिकाणी 'डी' म्हणून दिसू शकते, म्हणून विंडोज कोणत्या अक्षरावर आहे ते आधी पाहून उपकरणास स्पष्ट सांगावे लागते. एसएफसीने आपल्या कोठारातील मूळ 'एनडीआयएस.सिस' काढून जागेवर ठेवली. यंत्र चालू झाले. वंशावळ जशीच्या तशी होती. नंतर पाहता कळले, की आठवड्यापूर्वी एका अद्ययावतीकरणाबरोबर वाय-फायचा नवा ड्रायव्हर आला होता. तो मागे घेऊन जुना आणताच तुटणेही थांबले. म्हणजे मुळात काम चार टिचक्यांचे होते. पुतण्यास आम्ही रागे भरलो नाही असे म्हटल्यास ते खोटे होईल.

आमची ही गोष्ट लहान. परंतु हेच फोल्डर, हीच किल्ली आणि हाच निळा पडदा सर्व जगाने एकदा पाहिला आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या संरक्षक प्रोग्रामासाठी एक नवी फाइल धाडली. ती स्वतः ड्रायव्हर नव्हती. गाभ्यात बसलेल्या ड्रायव्हराने वाचावयाची माहिती होती, आणि तिची जागा याच 'ड्रायव्हर्स' फोल्डरात होती. वाचणाऱ्याने २१ बाबींची अपेक्षा धरली, पुढे २० च आल्या. एकविसावी शोधताना तो नको त्या स्मृतीत गेला व यंत्रे कोसळली. आपल्या घड्याळाने सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी फाइल सुटली व १० वाजून ५७ मिनिटांनी परत घेतली गेली. तेवढ्यात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लक्ष यंत्रे पडली. आपल्याकडील विमानतळांवर काही उतारूंना त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. चूक सुधारली गेली तरी जी यंत्रे उठतच नव्हती त्यांच्यापर्यंत सुधारणा पोचणार कशी? पुष्कळ ठिकाणी माणसाने एकेका यंत्रापाशी जाऊन, सेफ मोडमध्ये उघडून ती एक फाइल पुसावी लागली. आणि डिस्क कूटलिपीत असेल तर आधी ते ४८ अंक.

तेव्हा ड्रायव्हर बदलण्याची वेळ आलीच तर कसे करावे? पहिला प्रश्न, बदलावाच का, हा आहे. यंत्र नीट चालत असता केवळ नवा निघाला म्हणून ड्रायव्हर बदलणे आम्हांस पसंत नाही. बदलावयाचाच तर तो यंत्र करणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, मागे लिहिलेला मॉडेल-क्रमांक पाहून घ्यावा, किंवा विंडोज अपडेटमधील ऐच्छिक यादीतून. ‘तुमचे तेवीस ड्रायव्हर शिळे झाले आहेत’ अशा जाहिराती करणाऱ्या प्रोग्रामांच्या वाटेस जाऊ नये.

हात लावण्यापूर्वी कागदपत्रांची प्रत दुसरीकडे ठेवावी. किल्लीचे अंक कागदावर असावेत. यंत्रात नव्हे, यंत्र बंद असता ते कोण वाचणार? मग रिस्टोअर पॉइंट करावा. ही सोय पुष्कळ यंत्रांत मुळात बंदच असते, ती आधी चालू करावी लागते. आणि तिच्या योगे ड्रायव्हर मागे नेता येतात, आपले कागद नव्हे, हे ध्यानात असावे. डिव्हाइस मॅनेजर उघडून चालू ड्रायव्हराची आवृत्ती व तारीख टिपून घ्यावी. ज्यांना काळ्या खिडकीचे भय नाही त्यांनी 'पीएनपीयूटिल' या विंडोजच्याच उपकरणाने बसविलेला गठ्ठा पेनड्राइव्हवर काढून ठेवावा. वाय-फायचाच ड्रायव्हर बदलावयाचा असेल तर जुना व नवा दोन्ही आधी उतरवून घ्यावेत, कारण मध्येच जाळे गेले तर आणणार कोठून! लॅपटॉप असल्यास विजेला जोडलेला असावा.

प्रत्यक्ष बदल मात्र आपण करावयाचाच नाही. कंपनीचा स्थापनेचा प्रोग्राम चालवावा, अथवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणावर 'अपडेट ड्रायव्हर' म्हणून आयएनएफ असलेले फोल्डर दाखवावे. पुढे मुद्रा पाहणे, गठ्ठा 'ड्रायव्हरस्टोअर' नामक कोठारात ठेवणे, तेथून ड्रायव्हर जागेवर आणणे आणि जागा चालू कामात गुंतलेली असेल तर पुढच्या आरंभापर्यंत थांबणे, हे सर्व विंडोज करते. जुना गठ्ठा कोठारातच राहतो, म्हणून त्याच ठिकाणचे 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबून मागे येता येते. ते बटन फिके दिसल्यास मागचा ड्रायव्हर नाही असे समजावे. कोठारातील फाइली हाताने पुसू नयेत. नको असलेला गठ्ठा काढणे हेही पीएनपीयूटिलचे काम. एका वेळी एकच ड्रायव्हर बदलावा व चार दिवस यंत्र वापरून पाहावे.

इतके करूनही यंत्र उठले नाही, तर घाबरून पुन्हा विंडोज घालावयास धावू नये. लागोपाठ दोनतीन वेळा उठण्यात अपयश आले म्हणजे दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. तेथून स्टार्टअप सेटिंग्जमध्ये जाऊन ४ चा अंक दाबला की सेफ मोड, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरांनिशी चालणारे यंत्र, मिळते. त्यात नवा ड्रायव्हर मागे घ्यावा. त्याच यादीतील ७ हा अंक मुद्रेची तपासणी तेवढ्या एका वेळेपुरती सोडून देतो. चित्रफितींतून याची फार भलामण असते. घरच्या यंत्रात त्याचे कारण पडू नये.

आमच्या घरी ते ४८ अंक ती. अण्णांनी स्वतःच्या अक्षरात पुन्हा उतरून, दोनदा ताडून, घराच्या खरेदीखताबरोबर कपाटात ठेवले आहेत. वंशावळीची एक प्रत जर्मनीत आहे व एक पेनड्राइव्हवर. तो पेनड्राइव्ह दर महिन्याच्या पहिल्या रविवारी धाकटा पुतण्या न सांगता जोडतो. प्रिंटरच्या ड्रायव्हरांची गोष्ट थोडी निराळी आहे. ती पुढील अंकी.