तिसरा सरेपर्यंत गप्प कशाला?

पाळी चुकली की आमच्याकडची बाई आधी गप्प बसते. ‘तिसरा सरल्याशिवाय तोंडातून काढू नको’ असं तिला आईनं बजावलेलं असतं, आईला तिच्या आईनं. मी बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात उपकेंद्रावर आरोग्यसेविका आहे, आणि हा रिवाज आता मोडला पाहिजे असं माझं ठाम म्हणणं आहे. गावभर पेढे वाटा असं मी म्हणत नाही. नवरा, घरातली एक जाणती बाई आणि आशाताई, एवढ्या तिघांना मात्र पाळी चुकल्याच्या आठवड्यातच कळायला हवं. ज्या तीन महिन्यांत आपण गुपित पाळतो, त्याच तीन महिन्यांत बाईला सगळ्यात जास्त आधार लागतो.

आधी हिशेब नीट समजून घेऊ. दिवस मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणजे पाळी चुकते तेव्हा गर्भ राहून दोनच आठवडे झालेले असतात, पण कार्डावर चार लागतात. हे घरात माहीत नसलं की काय होतं ते मी पाहिलं आहे. एका पोरीचा नवरा पुण्याला कामाला. गौरी-गणपतीला आला आणि विसर्जन करून गेला. नवरात्रात तिची तपासणी झाली, मी कार्डावर पाच आठवडे लिहिले. ते ऐकून सासूचा चेहरा उतरला, कारण पोरगा घरी येऊन पाच आठवडेसुद्धा झाले नव्हते. मी भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सुनेला पाळी आली होती, हे सासूलाच आठवत होतं. त्या तारखेवर बोट ठेवून एकेक आठवडा मोजत आलो, तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला. सून मात्र तोवर कोपऱ्यात थरथरत उभी होती. हा हिशेब लग्नाआधीच प्रत्येक पोराला आणि पोरीला शिकवायला हवा.

आता गप्प बसण्यानं काय बिघडतं ते सांगते. बाळाचा मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू ज्या नळीतून तयार होतो, ती या हिशेबानं सहाव्या आठवड्याच्या आसपास मिटते. ती नीट मिटावी म्हणून फोलिक ॲसिड लागतं, रोज ४०० मायक्रोग्रॅम. खरं तर मूल हवं असं ठरवलं की निदान महिनाभर आधीपासून ही गोळी घ्यायची असते. आमच्याकडे बाई तिसऱ्या महिन्याच्या शेवटी नाव नोंदवायला येते, आणि तेव्हा तिच्या हातात गोळ्या पडतात. नळी केव्हाच मिटलेली असते. सरकार बारा आठवड्यांच्या आत नोंदणी करा म्हणून सांगतं, पण मी म्हणते बाराव्याची वाट कशाला बघायची? आशाताईकडे लघवी तपासायचं निश्चय किट फुकट मिळतं. सकाळच्या पहिल्या लघवीचे थेंब टाकायचे आणि पाच मिनिटं थांबायचं. दोन रेघा उमटल्या की त्याच आठवड्यात उपकेंद्रावर यायचं. हिमोग्लोबिन, रक्तगट, रक्तदाब, साखर, एचआयव्ही, गुप्तरोग, कावीळ बी या तपासण्या आणि टीडीचं पहिलं इंजेक्शन तिथपासून सुरू होतं. एखादीला आकडीच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील, तर तिनं त्या मनानं बंद करायच्या नाहीत आणि मनानं चालूही ठेवायच्या नाहीत. तिनं डॉक्टरांना तर पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं.

अंगात काय होतं तेही उघड बोलू या. छाती दुखते, सारखी लघवीला लागते, शौचाला कडक होतं, आणि झोप अशी येते की भाकरी थापता थापता डोळे मिटतात. पोट दिसत नसतं, त्यामुळे घरच्यांना हा आळस वाटतो. तो आळस नव्हे. गर्भ रुजवण्यासाठी शरीरात जे संप्रेरक वाढतं, त्यानंच ही ग्लानी येते. सहाव्या आठवड्याच्या सुमारास मळमळ सुरू होते, नवव्याच्या आसपास फार जोर करते आणि बहुतेकींची चौथ्या महिन्यात निवते. ती सकाळीच होते असं नाही, दिवसभरात कधीही होते. फोडणीचा वास सहन होत नसेल तर फोडणी दुसऱ्या कुणी घालावी. उठण्याआधी कोरडे चुरमुरे किंवा भाकरीचा कडक तुकडा खावा, पोट रिकामं ठेवू नये, दर दोन तासांनी थोडं थोडं खावं. एवढ्यानं भागलं नाही तर गोळी असते, डॉक्टर देतात, ती घ्यायला घाबरू नये. पाण्याचा घोटसुद्धा टिकत नसेल, लघवी गडद आणि कमी होत असेल, उभं राहिलं की अंधारी येत असेल, तर मात्र दवाखाना गाठावा, सलाईन लागतं. आणि एखादीला मळमळ झालीच नाही, तरी तिनं भिऊ नये.

लोक नजर लागेल म्हणतात, पण खरी भीती वेगळी असते. पडलं तर लोक काय म्हणतील, ही ती भीती. म्हणून त्याबद्दलही स्पष्ट बोलते. दिवस राहिल्याचं कळलेल्या शंभर बायकांपैकी दहा ते वीस जणींचा गर्भ टिकत नाही, आणि बहुतेक वेळा हे पहिल्या बारा आठवड्यांतच घडतं. यातल्या निम्म्याच्या आसपास वेळा गर्भाच्या गुणसूत्रांची जुळणीच सुरुवातीपासून चुकलेली असते. घागर उचलली, जिना चढली, पिकलेल्या पपईची फोड खाल्ली, म्हणून हे होत नाही. तरी दोष तिच्याच माथी येतो. गुपित पाळलं की आणखी एक होतं. गर्भ पडल्याचंही कुणाला सांगता येत नाही आणि ती तिसऱ्या दिवशी पुन्हा हापशावर उभी दिसते. आपल्या देशात १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यानंच गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा दिली. नोकरदार बाईला शरीर सावरायला सहा आठवडे लागतात हे कायद्यानं मानलं. मग शेतातल्या बाईला सहा दिवस तरी घरानं द्यायला नकोत का?

गुपित कधी कधी जिवावर बेततं. थोडा डाग पडणं बऱ्याच जणींना होतं आणि त्यातल्या अनेकींचं बाळ सुखरूप जन्मतं, पण डाग दिसला की तपासून घ्यायचंच. पोटात एका बाजूला कळ येत असेल, खांद्याच्या टोकाला दुखत असेल, चक्कर येऊन पडल्यासारखं होत असेल, तर गर्भ पिशवीऐवजी बीजनळीत राहिलेला असू शकतो. ही नळी फुटली की रक्त आत साठतं, बाहेर फारसं दिसतही नाही. तेव्हा १०८ ला फोन करायचा, रात्र असली तरी. मूल नको असेल त्या बाईनंही मेडिकलमधून पाळी यायच्या गोळ्या गुपचूप आणून घेऊ नयेत. कायदा तिच्या बाजूनं आहे. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर गर्भपात करता येतो, आणि सज्ञान बाईला त्यासाठी नवऱ्याची सही लागत नाही.

आमच्या भागात या सगळ्याला ऊसतोडीची जोड आहे. दसरा-दिवाळी झाली की जोडपी उचल घेऊन निघतात आणि कित्येकींची पाळी चुकल्याचं फडात गेल्यावर कळतं. तिथं गावची आशाताई नसते. पहाटे कोयता हातात घ्यायचा, डोक्यावर तीस-चाळीस किलोची मोळी घेऊन फळी चढायची, रात्री गाडी आली तर पुन्हा भरायला जायचं. राहायच्या कोपीला संडास नसतो, म्हणून बायका पाणीच कमी पितात. त्यात उलट्या लागल्या तर शरीरातलं पाणी किती वेगानं आटत असेल याचा विचार करा. एक दिवस पडून राहिलं तर खाडा लागतो, पैसे कापले जातात. अशा ठिकाणी बाई बोलणार कशी?

म्हणून माझं मागणं नेमकं आहे. टोळी निघण्याआधी गावातल्या प्रत्येक लग्न झालेल्या तरुण बाईला फोलिकच्या गोळ्या आणि किट सोबत द्या. ज्या कारखान्याच्या हद्दीत ती तोडणीला जाते, तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रानं तिचं नाव आपल्या यादीत घ्यावं आणि गावच्या कार्डावरच पुढच्या नोंदी कराव्यात. गरोदर बाईच्या डोक्यावर मोळी देऊ नये आणि तिच्या आजारपणाचा खाडा धरू नये, हे मुकादमाच्या करारातच लिहिलं जावं. आणि घरातल्या पुरुषांनी एवढं करावं: पाळी चुकल्याचं बायकोनं सांगितलं की दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर उपकेंद्रावर यावं. दार उघडं असतं, पैसे लागत नाहीत, आणि तिथं सांगितलेली गोष्ट गावात जात नाही, ही हमी मी देते.