अंथरूण कोणाचं, पाय कोणाचे?

अड्याळजवळच्या एका गावात बचत गटाच्या बैठकीत अर्थसंकल्पाचा विषय काढला होता. केंद्राची तूट, राज्याची तूट, ती आवरण्यासाठी केलेले कायदे, असं मी सांगत होते. काही बाया ऐकत होत्या, काही तांदूळ निवडत होत्या. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "याच्यात चुकलं का जी ताई? अंथरून पाहूनच पाय पसराले पायजे. आमी तसंच करतो ना."

मला पटकन उत्तर सुचलं नाही. समाजकार्याच्या पदवीत ते शिकवलेलं नव्हतं. उत्तर तिच्या शेजारणीनं दिलं. "अंथरून त्यायचं, पाय आपले. आखडाचे बी आपणच."

त्या शेजारणीचं म्हणणं मला इथे तपशिलानं मांडायचं आहे. कारण हुंडा, दारू, बलात्काराचा कायदा यांवर आपण रस्त्यावर येतो, पण अर्थसंकल्पाच्या दिवशी टीव्हीसमोर पुरुषमंडळींना बसवून आपण स्वयंपाकघरात जातो. तूट हा आपला विषय नाही, असं आपणच धरून चाललो आहोत.

केंद्राचा वित्तीय उत्तरदायित्व आणि अर्थसंकल्पीय व्यवस्थापन कायदा २००३ साली झाला. कर्ज सोडून होणारी सरकारची मिळकत आणि सरकारचा खर्च यांतला फरक, म्हणजेच राजकोषीय तूट, राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३ टक्क्यांवर आणायची असं त्यानं ठरवलं. मग बाराव्या वित्त आयोगानं राज्यांपुढे अट ठेवली, की असाच कायदा करा, तर केंद्राच्या कर्जात सवलत मिळेल. महाराष्ट्राचा कायदा २००५ चा आहे. ग्रामसभेत, महिला मंडळात, कुठेही त्याची चर्चा झाल्याचं निदान आमच्या भागात कोणाला आठवत नाही.

कर्ज वाईट असतं हे बचत गटातल्या बाईला कोणी शिकवू नये. व्याज म्हणजे काय ते तिला अर्थमंत्र्यांपेक्षा जवळून ठाऊक आहे. पण शेळीसाठी काढलेलं कर्ज आणि बारशाच्या पंगतीसाठी काढलेलं कर्ज यांतला फरकही तिला कळतो. शिवाय घरात पैसा पुरेनासा झाला, तर खर्च कमी करण्याआधी ती विचारते, कमावणाऱ्यानं पगार कुठे घातला? तूट दोन्ही बाजूंनी कमी होते, मिळकत वाढवून किंवा खर्च तोडून. कायदा फक्त आकडा सांगतो. बाजू सरकार निवडतं.

ही निवड कशी होते ते २०१५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात उघड दिसलं. त्या दिवशी संपत्ती कर रद्द झाला (त्याच्या जागी अतिश्रीमंतांवर २ टक्के अधिभार आला) आणि कंपन्यांचा कर चार वर्षांत ३० टक्क्यांवरून २५ वर आणण्याचं आश्वासन मिळालं. त्याच अर्थसंकल्पात एकात्मिक बालविकास योजनेची, म्हणजे आपल्या अंगणवाडीची तरतूद आदल्या वर्षीच्या सुमारे १८ हजार कोटींवरून ८,३०० कोटींच्या आसपास आली. सांगितलं गेलं, की चौदाव्या वित्त आयोगानं राज्यांचा करातला वाटा ३२ वरून ४२ टक्के केला आहे, आता राज्यांनी बघावं. राज्यांनी बघितलं नाही तर चार वर्षांच्या पोरानं वाट पाहायची का? त्या खात्याच्या केंद्रीय मंत्री मेनका गांधी यांनाही या कपातीविरुद्ध अर्थमंत्र्यांना पत्र लिहावं लागलं. पुढे पुरवणी मागण्यांतून पैसे आले. २०१९ च्या सप्टेंबरात कंपन्यांचा कर थेट २२ टक्क्यांवर आला. त्यानं वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी बुडतील असं सरकारनंच सांगितलं. तेव्हा अंथरूण कोणी मोजलं नाही.

आणि कायद्याची मुदत? ती आधी २००८ होती, मग २००९, मग २०१५ साली २०१८ पर्यंत आणि २०१८ साली २०२१ पर्यंत ढकलली गेली. २०२०-२१ मध्ये महामारीत तूट ९.२ टक्के झाली. ती व्हायलाच हवी होती, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण जो कायदा सरकार स्वतःसाठी इतक्या वेळा वाकवतं, तो अंगणवाडी सेविकेनं मानधन वाढवून मागितलं की एकदम दगडासारखा कडक कसा होतो?

मानधन या शब्दापाशी जरा थांबते. केंद्रानं १ ऑक्टोबर २०१८ पासून सेविकेचं मानधन ४,५०० आणि मदतनिसाचं २,२५० रुपये ठरवलं. पुढे कित्येक वर्षं त्यात केंद्रानं एका रुपयाची भर घातली नाही. महागाई काही २०१८ मध्ये थांबली नव्हती. राज्यं आपली भर घालतात, महाराष्ट्रानंही घातली, पण ती भांडून घ्यावी लागली. ४ डिसेंबर २०२३ पासून पन्नासहून जास्त दिवस आपल्या सेविका-मदतनीस संपावर होत्या, थंडीत. मागणीला उत्तर ठरलेलं असतं: तुम्ही मानसेवी आहात, कर्मचारी नाही. २०१८ च्या मार्चमध्ये मात्र याच बायांना राज्य सरकारनं अत्यावश्यक सेवा कायद्यात, मेस्मात घातलं होतं. विधानसभेत गदारोळ झाल्यावर त्याला स्थगिती द्यावी लागली. म्हणजे पगाराच्या वेळी मानसेवी, संपाच्या वेळी अत्यावश्यक! सर्वोच्च न्यायालयानं २०२२ च्या एप्रिलमध्ये अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू आहे असा निकाल दिला, तोही त्यांनी वर्षानुवर्षं लढल्यावर.

सरकार खर्च तोडतं तेव्हा काम तुटत नाही. ते घरात येतं. अंगणवाडी नीट चालली नाही, तर रोवणीच्या दिवसांत धाकट्याला कोण धरतं? बाप धरत नाही. चौथी-पाचवीतली बहीण शाळेतून घरी बसते, नाहीतर पोर बांधावर चिखलात पडून राहतं. केंद्राच्याच २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार बिनमोल घरकामात बाई दिवसाला २८९ मिनिटं घालवते, पुरुष ८८. हे तास कुठल्याच तुटीत धरले जात नाहीत. म्हणून सरकारचा हिशोब जुळतो.

रोजगार हमीचं घ्या. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राकडे पैसा कमीच होता. तरी या राज्यानं योजना वाढवली, १९७५ साली शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला आणि १९७७ चा हमीचा कायदा केला. मिळकत वाढवून माती उचलणाऱ्या बाईला काम दिलं. त्याच धर्तीवर २००५ चा देशाचा कायदा झाला. तो बदलून संसदेनं २०२५ च्या डिसेंबरात नवा कायदा केला. दिवस १०० चे १२५ केले, हे खरं. पण अकुशल मजुरीचा सगळा खर्च आधी केंद्र उचलत होतं, नव्या कायद्यात बहुतेक राज्यांसाठी ६० टक्के केंद्र, ४० टक्के राज्य. राज्याचा वाटा केंद्र आधीच ठरवणार, त्यापुढचा खर्च राज्याच्या डोक्यावर. काम मागेल तेवढं, ही हमी गेली आणि ठरलेली रक्कम आली. शिवाय शेतीच्या हंगामात ६० दिवसांपर्यंत कामं बंद ठेवायची मुभा. आमच्या धानपट्ट्यात याचा अर्थ सरळ आहे. रोवणीला दुसरं काम हाताशी नसेल, तर मजुरी वाढवून मागायची कोणाच्या जोरावर? (आमच्या गटातल्या काहींची स्वतःची दोन एकर आहे आणि त्यांनाही मजूर लावावे लागतात. पण सातबारा नवऱ्याच्या नावावर आणि रोवणी तिच्या कमरेवर.)

"पण लाडकी बहीण दिली ना," असं कोणी म्हणेल. २०२४ च्या जुलैपासून १,५०० रुपये सुरू झाले आणि ते बाईच्या हातात पडले, हे मी कमी लेखत नाही. त्या पैशातून औषध आलं, पोरीची फी गेली, हे मी पाहिलं आहे. पण निवडणूक झाली आणि तूट आठवली. ४६ हजार कोटींची तरतूद पुढच्या वर्षी ३६ हजारांवर आली, २०२५ च्या जुलैपर्यंत २६ लाखांहून अधिक बायांचे हप्ते थांबले. त्याआधी मे महिन्यात सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास खात्यांचे मिळून सुमारे ७४६ कोटी या योजनेकडे वळवले, तेव्हा सामाजिक न्यायमंत्रीच जाहीर नाराज झाले. दलित पोरीच्या शिष्यवृत्तीच्या ताटातून काढून तिच्या आईच्या ताटात वाढायचं आणि ओवाळणी म्हणायचं!

आपली मागणी नेमकी हवी. या कायद्यांनुसार अर्थसंकल्पासोबत वित्तीय धोरणाची निवेदनं सभागृहापुढे ठेवावी लागतात. महाराष्ट्राच्या कायद्यात दुरुस्ती करून त्यांत एकाची भर घाला: कुठला खर्च तोडला, ते काम आता कोण करतं, आणि त्याच वर्षी कुठला कर कोणाला माफ केला. अंगणवाडी, पोषण आहार, आशा आणि रोजगार हमी यांचा खर्च कपातीच्या कात्रीबाहेर ठेवा. मानसेवी हा शब्द काढून कर्मचारी लिहा.

आमच्या गटानं सुरुवात म्हणून गावच्या अंगणवाडीचा वर्षाचा हिशोब काढायला घेतला आहे: किती दिवस आहार आला, मानधन किती उशिरा आलं, सेविकेनं पदरचे किती घातले. वही त्या शेजारणीकडे आहे. तिला लिहिता येत नाही, तिची नात लिहिते. आपापल्या गावचा असा हिशोब मार्चच्या अधिवेशनाआधी मासिकाच्या पत्त्यावर पाठवा.