गाळ्यांचे फोटो आणि फोटोत नसलेल्या बाया

नवी मुंबई आता जुनी होऊ लागली आहे. सिडकोची स्थापना १९७० सालची. वाशीच्या पहिल्या सेक्टरांमधल्या इमारती आणि त्यांच्यालगतची दुकानांची संकुले चाळिशी ओलांडून गेली. कुठे छताचे प्लास्टर पडते, कुठे शटर गंजून अर्ध्यावर अडकते. सेक्टर ९-१० मधल्या जेएन-१, जेएन-२ इमारतींच्या पुनर्विकासाची चर्चा ऐकत तर एक पिढी मोठी झाली. ही संकुले आज ना उद्या जाणार म्हटल्यावर त्यांचे फोटो काढण्याची टूम निघाली आहे. हौशी मंडळी रविवारी सकाळी कॅमेरे घेऊन येतात. हाताने रंगवलेल्या पाट्या, पिठाची गिरणी, घड्याळ दुरुस्त करणारे काका, स्टेशनरीच्या दुकानातली धुळकट बरणी. फोटो चांगले येतात, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी की त्यात बाया नसतात.

बाया तिथे नाहीत म्हणून नव्हे. पोळी-भाजी केंद्रातल्या बायांची निम्मी कणीक कॅमेरेवाले उठायच्या आत लाटून झालेली असते आणि त्या बसतात मागच्या बाजूला, गॅसजवळ. पार्लरला पडदा असतो. ब्लाउज शिवणारीचे मशीन पोटमाळ्यावर किंवा जिन्याखाली. झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर मुलगी उभी असते, पण पाटीवर ‘अँड सन्स’. ‘अँड डॉटर्स’ अशी पाटी मी तरी अजून पाहिली नाही. पाटीचा फोटो काढला की दुकानाचा इतिहास नोंदला गेला असे ज्यांना वाटते, ते नकळत मालकाचाच इतिहास नोंदवत असतात.

हे नुसते हळहळण्यासारखे नाही, कारण या शहराचा पायाच अशा कोरड्या नोंदीवर घातला गेला. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन शहरासाठी घेतली गेली. १९८४ च्या जानेवारीत जासई-नवघर परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले आणि पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. ती आली हे आंदोलनाचेच यश. पण मोबदला आणि भूखंड गेले ते सातबारावर नाव असलेल्या खातेदाराला. भाताची लावणी करणारी, मिठागरावर राबणारी, खाडीची मासळी पाटीतून दारोदार विकणारी आगरी-कोळी बाई कागदावर कुठेच नव्हती. जे कागदावर नव्हते ते नुकसान म्हणून मोजलेच गेले नाही.

आता पुनर्विकासात तेच दुसऱ्यांदा घडू शकते. सिडकोने भूखंड दिले ते ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने. करारावर नाव असते गाळेधारकाचे. त्याने दुसऱ्याला भाड्याने दिलेले असते आणि त्या दुसऱ्याने दाराशी एक मशीन मांडायला एखादीला जागा दिलेली असते. ती दरमहा रोख पैसे मोजते, पावती मागत नाही, मागितली तर मिळत नाही. फॉल-बिडिंग, पिको, अल्टरेशन यांवर तिने मुलांची शाळा केलेली असते. नव्या इमारतीत गाळेधारकाला गाळा मिळेल. तिला काय मिळेल? बाहेर फुटपाथवर भाजी विकणारीच्या बाजूने निदान पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा आहे. त्यात सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही, आणि नगर पथविक्रेता समितीतले ४० टक्के सदस्य विक्रेते असावेत, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया, असे म्हटले आहे. (किती बायांना हे कुणी सांगितले, हा वेगळा लेख होईल.) संकुलाच्या आत बसलेली शिवणवाली मात्र धड पथविक्रेती नाही आणि धड भाडेकरूही नाही.

म्हणून मैत्रिणींनो, फोटो आपण काढायला हवेत. फोटोने हक्क सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. ‘फोटो कसले काढता, मोर्चा काढा’ असे आपल्यातल्याच काही जणी म्हणतात. पण मोर्चा घेऊन गेल्यावर अधिकारी पहिला प्रश्न विचारतो, ‘या बाया किती वर्षे इथे आहेत, पुरावा काय?’ तेव्हा तारीख घातलेला फोटो, शेजारच्या दोन दुकानदारांचे लेखी म्हणणे, मशीन घेतल्याची पावती, असे काही तरी हातात असावे लागते. बोलणे निदान तिथून सुरू होते.

काय टिपायचे, तेही आपले वेगळे असणार. काउंटरमागे बसायला स्टूल आहे का? केरळात कापड दुकानांतल्या बायांनी ‘पेणकूट्ट’ संघटनेच्या पी. विजी यांच्यासोबत बसण्याच्या हक्कासाठी झगडा केला आणि २०१८ मध्ये तिथला दुकानांचा कायदा बदलला. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तशी तरतूद केली. आपल्याकडचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ साली नवा झाला तेव्हा त्याची मुख्य कलमे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांनाच लागू केली गेली. सेक्टरच्या गाळ्यात कामाला असतात दोघी-तिघी. तसेच संकुलाचे स्वच्छतागृह. त्याला कुलूप असते, किल्ली कुण्या दुकानदाराच्या गल्ल्यात, आणि ती मागायची लाज वाटते म्हणून बाया दिवसभर पाणी कमी पितात. त्या कुलपाचा फोटो काढा. मुंबईत ‘राईट टू पी’ मोहिमेने मुताऱ्यांचा प्रश्न चारचौघांत बोलायला लावला, तो खाडीच्या अलीकडेही आहे.

हेही सांगायला हवे की ही संकुले बाईच्या सोयीची होती. १९६५ साली चार्ल्स कोरिया आणि शिरीष पटेल यांच्यासोबत जुळ्या शहराची कल्पना मांडणाऱ्यांत प्रवीणा मेहता होत्या. ही बाई फारशी कुणाला आठवत नाही. चालत जाता येईल असा बाजार प्रत्येक वस्तीला मिळाला, आणि मूल शाळेतून यायच्या आत दोन तास दुकान उघडणे तिथे जमत गेले. १९९२ साली लोकल वाशीला पोहोचली, त्याआधी तर खाडी ओलांडून नोकरी करणे किती जणींना जमणार होते? मॉलमध्ये जिन्याखाली मशीन मांडू देत नाहीत.

फोटो काढण्याआधी विचारायचे, हे मात्र अगदी कडक पाळा. एखादी घरी न सांगता काम करत असते, एखादीला पालिकेच्या गाडीची धास्ती असते. चेहरा नको म्हणाली तर हात घ्या, मशीन घ्या. नाही म्हणाली तर पुढे चला. दुपारी एक ते चार या वेळेत जा, तेव्हा गिऱ्हाईक कमी असते आणि बाया बोलतात. प्रत्येक फोटोच्या दोन प्रती काढा, मागे तारीख, गाळा क्रमांक आणि कामाची वर्षे तिच्या तोंडून ऐकून लिहा. एक प्रत गटाकडे ठेवा, दुसरी तिला द्या, आणि ती रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवायला सांगा.